कोतवालाच्या कोठडीतलं पत्र

"दोन तासांत निकाल लावते, आत्या! चहाच्या आधी!"

अक्षतानं ओढणी कमरेला बांधली आणि कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं कापड ओढून काढलं. देव्हाऱ्यापुढं बसलेल्या मनुबाईंनी सुनेकडं कौतुकानं बघितलं आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा रेवणसिद्धा, दोन तास नको, दोन मिनिटं पुरेत. पण ते पत्र एकदाचं उघडू दे!

पत्र होतं देव्हाऱ्यातच. अन्नपूर्णेच्या शेजारी, काळ्या चौकोनी फ्लॉपीत. वर हळदीकुंकवाचं एक बोट.

"आत्या! फ्लॉपीला कुंकू लावलं तुम्ही?"

"वरच्या पाकिटाला लावलंय गं. आत न्हाई लावलं. मला काय कळत न्हाई व्हय?"

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. मनुबाईंचा एकुलता एक वीरधवल सेलमला होता. विट्यातली निम्मी पोरं जातात तसा तोही गेला होता, सोनं गाळायला. लग्नानंतर बावीस दिवस घरी राहिला आणि जो गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली. गेली दिवाळी दुकानातच झाली त्याची. त्याचं अक्षर असं, की पोस्टमनदादासुद्धा चष्मा पुसायचे. म्हणून अक्षतानं त्याला जाताना कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं होतं. तिकडं दुकानाशेजारी कुणाचा तरी कॉम्प्युटर होता. त्यावर तो पत्र लिहायचा, फ्लॉपीत भरायचा, आणि गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत चिवड्याच्या पुड्यासारखी ती फ्लॉपी घालून द्यायचा.

ही फ्लॉपी काल संध्याकाळी कोंडीबानं आणली. देताना तो सहज बोलून गेला, "काकी, तुमचा वीरू आसामला चाललाय म्हनं. गुवाहाटीला नवं दुकान निघतंय. जातोय का न्हाई, ते म्या नक्की इचारलं न्हाई. माझी गाडी सुटत हुती."

गुवाहाटी! मनुबाईंनी रात्री आकारामरावांना विचारलं, ते कुठं आलं? आकारामराव म्हणाले, सेलमच्या चौपट लांब. आणि छाटणीसाठी पहाटेच द्राक्षबागेत निघून गेले. बायकोला घोर लावून!

पत्रात दोनपैकी एकच काहीतरी असणार होतं. एक तर 'दिवाळीला येतोय', नाही तर 'गुवाहाटीला चाललोय'. आणि ते पत्र हातभर अंतरावर असून उघडता येत नव्हतं.

कारण मागची फ्लॉपी! ती तशीच घातली आणि कॉम्प्युटरला रोग लागला. अक्षता घरबसल्या लग्नपत्रिका करून द्यायची. कुंडलच्या एका पार्टीची पत्रिका उघडली, तर अक्षरं वाऱ्यानं बोरं झडावीत तशी एकेक करून खाली गळायला लागली. आधी नवऱ्या मुलाचे आजोबा गळाले, मग मामा, मग 'आपले नम्र' सगळेच्या सगळे!

"त्याला व्हायरस म्हणतात, आत्या. बाहेरच्या फ्लॉपीतून येतो."

"मग बाहेरनं आलेल्यानं आधी पाय धुवायचे की. घरात माणूस येतंय ते तसंच येतंय व्हय?"

"तेच! पाय धुवायला लावणारा एक प्रोग्राम असतो. अँटीव्हायरस."

तर अक्षता सांगलीला जाऊन तो घेऊन आली होती. एक नव्हे, दोन! ओळखीचा दुकानदार. 'ताई, लावून बघा, कॉम्प्युटर ज्यानं कमी रेंगाळतो तो ठेवा, दुसरा मंगळवारी परत आणा.' बघायला दोन पातळं न्यावीत तशी ती दोन्ही घेऊन आली. एकाचं नाव कोतवाल. दुसऱ्याचं शेरीफ, खोक्यावर बिल्ला लावलेला मिशीवाला. आणि आज सोमवार.

"आता वेळ लावायची. साधा कॉम्प्युटर किती वेळात चालू होतो, कोतवाल बसवल्यावर किती, आणि शेरीफ बसवल्यावर किती!" अक्षतानं दाराच्या मागच्या बाजूला खडूनं तीन रकाने आखले. मग मनगट बघितलं. घड्याळ दुरुस्तीला. भिंतीकडं बघितलं. भिंतीवरचं घड्याळ दसऱ्यापासून सव्वाचारावर बसलेलं. त्याचा सेल आणायचा रोज राहून जात होता.

"आता गं बाई?"

मनुबाई हळूच म्हणाल्या, "माळेनं मोजू का?"

"म्हणजे?"

"एकशेआठ मणी. 'ॐ नमः शिवाय' म्हनत एक मणी सरकवायचा. माझी माळ कवा कमी न्हाई, कवा जास्ती न्हाई. तीस वर्सं झाली."

अक्षतानं टाळीच वाजवली. "आत्या, तुम्ही म्हणजे अगदी स्टॉपवॉच आहात!"

स्टॉपवॉच म्हणजे काय, ते मनुबाईंना ठाऊक नव्हतं, पण कौतुक कळलं. त्यांच्या मनात मात्र वेगळेच लाडू फुटत होते. आखाडात त्यांनी रेवणसिद्धाला शब्द दिला होता, पोरगं दिवाळीला घरी येऊ दे, सव्वा लाख जप करीन. बोललेला नवस सांगितला की उणा होतो, म्हणून घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. पण भाकरी, धुणं, शेरडं, आल्यागेल्याचा चहा यातून सव्वा लाख काय सुखानं होतात? अजून बहात्तर माळा बाकी होत्या, आणि दिवाळी आठ दिवसांवर! आता सून आपणहून म्हणत होती, आत्या, बसा आणि माळ ओढा. देवच बोलला जणू तिच्या तोंडून!

पहिली चाचणी. नुसता कॉम्प्युटर. बटण दाबलं, आत घरघर सुरू झाली, पडद्यावर ढग आले, आणि 'टुंग' झालं तेव्हा मनुबाईंचं बोट मेरुमण्याला टेकलं.

"एक माळ!"

खडूनं दारावर 'एक' उमटला.

दुसरी चाचणी. कोतवाल. पाच फ्लॉप्या एकापाठोपाठ एक भरवून अक्षतानं बटण दाबलं आणि चिवड्याचे पोहे परतायला आत गेली. "टुंग झालं की थांबा, आत्या!"

मनुबाईंनी डोळे मिटले. पाच-पंचवीस मणी झाले असतील, तेवढ्यात दारात शेजारची धोंडुबाई. हातात वाटी.

"मनुबाई, इरजान हाय का?"

आता जपाचा नियम असा, की मध्ये बोललं की माळ मोडली. पुन्हा पहिल्या मण्यापासून. मनुबाईंनी हातानं कोनाडा दाखवला. धोंडुबाईला कोनाडा दिसेना.

"कुठं? वर का खाली?"

"खाली," मनुबाई म्हणाल्या. माळ मोडली. पुन्हा पहिला मणी.

"जरा आंबूस हाय का गं?" मोडली. "ह्यो डबा का घुंई घुंई करतोय?" मोडली. "कोंडीबा आला म्हनं, आमच्या संपतचं काय बोलला का?" आता पोराची खबर विचारणाऱ्या आईला हातवारे करून कसं घालवायचं? मोडली! "बरं, येते मग." "ये." पाचव्यांदा मोडली. धोंडुबाई गेली, मनुबाईंनी नेटानं एक माळ पुरी केली, दुसरी निम्मी झाली आणि 'टुंग'.

आतून अक्षता ओरडली, "किती, आत्या?"

"दीड!"

"वा, कोतवाल! दीडच?"

कोतवाल पुसून काढला, शेरीफ बसवला. तिसरी चाचणी. या खेपेला दारात कुणी आलं नाही. चिमणीसुद्धा नाही. मनुबाई अशा रमल्या, की 'टुंग' झाल्यावर कुठं आहोत ते आठवायला त्यांना क्षणभर लागला.

"तीन!"

"तीन?" अक्षतानं मिशीवाल्याच्या खोक्याकडं तुच्छतेनं बघितलं. "नुसता बिल्ला! कोतवालाच्या दुप्पट वेळ. मंगळवारी जा बाबा सांगलीला परत."

मनुबाईंना वाटलं, सांगावं, शेरीफच ठेव. सावकाश काम करतो, माझ्या माळा होतात. पण आपल्या जपासाठी सुनेचा खोळंबा? शोभलं नसतं.

शेरीफ गेला, कोतवाल पुन्हा कायमचा गादीवर बसला. अक्षतानं फ्लॉपीच्या पाकिटावरचं कुंकू आधी आपल्या कपाळाला लावलं, मग फ्लॉपी खाचेत सरकवली. कोतवालानं ठणकावलं, आधी सगळ्या घराची झडती घेईन, मग फ्लॉपी, मग पत्र!

"दहा-बारा माळांत होईल, आत्या. तोवर मी चौकातल्या पार्टीला पत्रिकेचं प्रूफ दाखवून येते. मध्ये काही विचारलं तर हे वायचं बटण दाबा. वाय म्हणजे हो."

"आणि न्हाई म्हनायचं आसंल तर?"

"नाही कशाला म्हणायचं? तो आपलाच माणूस!"

अक्षता गेली. मनुबाईंनी माळ घेतली. दहा झाल्या. बारा झाल्या. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीच्या पोटासारखी सरकत होती. सोळाव्या माळेत, साठाव्या मण्यावर, पडद्यावर लाल चौकट उमटली. कॉम्प्युटर खेकसला. खाली इंग्रजीत चार ओळी आणि प्रश्नचिन्ह! पण माळ मोडायची नव्हती. ओठात 'नमः शिवाय', उजव्या हातात साठावा मणी, आणि डाव्या हाताचं बोट वायवर!

चौकट गेली. मनुबाईंना स्वतःचा फार अभिमान वाटला.

अक्षता परतली ती उन्हं कलायला लागल्यावर. "काय लिहिलंय पत्रात? तुम्ही सांगूच नका, मी वाचते!" असं म्हणत ती चप्पल भिरकावून पडद्यापुढं बसली, आणि तिचा चेहराच उतरला.

"आत्या, अजून अठ्ठावीसच टक्के? किती माळा झाल्या?"

"तेहतीस."

"तेहतीस! आणि मघाशी दीड माळेत सुरू झाला हा?"

"दीडच झाल्या की गं. पुऱ्या झालेल्या दीड."

"पुऱ्या झालेल्या म्हणजे?"

"मधी धोंडुबाई आली. पाच मोडल्या. मोडलेली माळ कोन मोजतंय व्हय?"

अक्षता खुर्चीत मागं टेकली. दारावरचे तीन खडूचे आकडे तिच्याकडं बघून हसत असल्यासारखे दिसायला लागले. "म्हणजे कोतवाल मंद! शेरीफ चपळ! आणि मी चपळाला घरी बसवून हा म्हसोबा ठेवून घेतला!"

"मला वाटलं, तुला ठाऊक हाय," मनुबाई पुटपुटल्या. मग चाचरत म्हणाल्या, "त्यानं मधी कायतरी इचारलं. म्या हो म्हनाले."

अक्षतानं पटापट चार बटणं दाबली. पडद्यावर एक यादी आली. यादीत एकच नाव.

"आत्या, त्यानं विचारलं होतं, हे पत्र रोगी आहे, कोठडीत टाकू का?"

"मग?"

"तुम्ही हो म्हणालात!"

वीरधवलचं पत्र कोतवालाच्या कोठडीत! सोडवायची सोय होती, नव्हती असं नाही. पण कोतवालाचा कायदा एकच, झडती पुरी झाल्याशिवाय कोठडी उघडणार नाही. मध्येच बंद केलं तर कैद्याची हमी नाही!

"मी फोन करून येते," अक्षता उठली.

"दुकानाचा फोन बंद हाय म्हनं महिनाभर."

"सेलमच्याच, शेजारच्या भाऊसोमामांच्या दुकानात करते."

चौकातल्या एसटीडीवरून ती परत आली तेव्हा गेली होती त्यापेक्षा हळू चालत होती. उंबऱ्यावरच टेकली.

"लागला का गं?"

"लागला. भाऊसोमामा म्हणाले, 'आवं, तो शनिवारीच गेला की. बॅग भरून गेला. कुठं, ते बोलला न्हाई. म्हनला, घरी पत्रात लिवलंय समदं.'"

दोघींनी एकदमच पडद्याकडं बघितलं. एकतीस टक्के.

मग त्या उतरत्या दुपारी विट्यातल्या त्या सोप्यात दोन बायका एका पट्टीकडं बघत बसल्या. शेगडीवरचा चहा उकळून आटला, कुणी उठलं नाही. मनुबाई मणी ओढत होत्या, पण मन कुठं कुठं जात होतं. वीरू लहान असताना शाळेतून आला की आधी मडक्यातलं पाणी उभ्यानं प्यायचा, आणि त्या ओरडायच्या, बसून पी! दोन वर्षांत ओरडायलाच कुणी उरलं नव्हतं. मडकं मात्र त्या रोज घासून त्याच जागी ठेवत होत्या. माळ पुरी झाली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "तुला म्हनून सांगते. म्या नवस बोललेय. सव्वा लाख. तो यावा म्हनून. सांगितलं की उणा होतो. पन आता ऱ्हावंना."

अक्षता पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "माझेपण सोमवार चालू आहेत. श्रावणापासून."

"तू तर म्हनत हुतीस, डायेट हाय!"

"तुम्ही हसला असता."

मनुबाईंना श्रावणापासूनचे सगळे सोमवार आठवले. 'एवढीशी वाळकी पोर, आणि जेवत न्हाई, वर म्हणते वजन वाढतंय', म्हणून त्यांनी धोंडुबाईपाशी चारदा तक्रार केली होती! त्यांनी माळ खाली न ठेवता डाव्या हातानं सुनेची वेणी उगाचच सारखी केली.

"बस इथं. माळ न्हाई तुझ्याकडं, तर डबीतली बटणं घे. एकशेआठ मोजून घे."

शिवणाच्या डबीत सत्त्याण्णव निघाली. उरलेल्या अकरांच्या जागी मनुबाईंनी शेंगदाणे दिले. उपासाचा दिवस, अक्षताला भूक लागलेली. तिसऱ्या आवर्तनापर्यंत अकराचे सात झाले होते.

"दाणे कमी झाले गं."

"मोजू नका आत्या. जप करा."

पन्नास टक्के. सत्तर. शेरडांना पाणी पाजायला आलेल्या धोंडुबाईनं दारातून हाक मारली, तर दोघींनी एकदम तोंडावर बोट ठेवलं. 'काय पूजा हाय का काय डब्याची!' असं म्हणून ती पदराआड हसत गेली. नव्वद टक्के. दिवेलागणीची वेळ झाली. मनुबाईंनी निरांजन लावलं ते माळ न सोडता, एका हातानं. शहाण्णव. सत्त्याण्णव. अक्षताचं बोट कोठडी उघडण्याच्या बटणावर जाऊन बसलं. अठ्ठ्याण्णव!

आणि लाइट गेली.

घुंई घुंई थांबली. पट्टी गेली, कोठडी गेली, कोतवाल गेला. विट्यात सोमवारी लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. या दोघींनाच आज आठवलं नव्हतं!

अक्षता काळ्या पडद्याकडं बघत राहिली. तिला रडूही येईना. मनुबाईंच्या बोटांना मात्र थांबणं ठाऊक नव्हतं. शेवटची माळ होती ती, बहात्तरावी! निरांजनाच्या उजेडात मणी सरकत होते. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. छत्तीस मणी राहिले की सव्वा लाख पुरे.

अंगणात काहीतरी धप्पकन आदळलं. मग दारात एक उंच सावली. धापा टाकणारी, खांद्यावर पिशवी.

"आई?"

मनुबाईंचा हात आपोआप वर झाला. थांब! बोलू नको! त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर...

"आवं, स्टँडवर कुणाला तरी सायकल घेऊन धाडा म्हनून लिवलं हुतं की! दोन पोती वझं घेऊन चालत आलो. पत्र मिळालं न्हाई का?"

अक्षताच्या हातातली बटणांची डबी सांडली. सगळी बटणं सोपाभर घरंगळत गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

एकोणऐंशी. ऐंशी. मनुबाई ओठ घट्ट आवळून बसल्या होत्या. अठ्ठावीस मणी! तीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून माळ मोडली नव्हती. धोंडुबाईनं मोडली, शेरडांनी मोडली, पण त्यांनी स्वतः कधी नाही. निरांजनाच्या उजेडात त्यांना पोराचा चेहरा दिसला. गालफडं बसलेली. मिशी नवी. तो पाय न धुताच आत आला, सरळ मडक्यापाशी गेला आणि उभ्याउभ्या पाणी प्यायला लागला.

"बसून पी की रं!" मनुबाई ओरडल्या.

"आत्या! मोडली!" अक्षता किंचाळली. "अठ्ठावीसच राहिले होते!"

"मोडू दे," मनुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मोडलेली कोन मोजतंय?"

वीरधवलला यातलं काही कळलं नाही. तो बायकोकडं बघत होता, आणि बायको मांडीवरचं एकुलतं एक उरलेलं बटण हातात घेऊन त्याच्याकडं. शेवटी तोच म्हणाला, "गुवाहाटीचं न्हाई म्हनून सांगितलं मी. पन तुळशीच्या लग्नापर्यंतच हाय बघ. मग सेलम."

लगेच मनुबाईंच्या मनात दिवस मोजायला सुरुवात झाली. वीस होतात, बावीस होतात, यावरून मन हटेना. तेवढ्यात लाइट आली. कॉम्प्युटर आपोआप घुरघुरायला लागला, पडद्यावर ढग आले, आणि कोतवालानं पुन्हा पहिल्यापासून झडती सुरू केली. एक टक्का. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, कोठडीत, एक कैदी.

"पत्र आहे अजून! सुखरूप आहे!" अक्षता ओरडली.

"आता कशाला पायजे ते?" वीरधवल हसला. "मी हाय की समोर. आणि त्यात काय मोठं लिवलंय? 'सोमवारी येतोय, स्टँडवर कुणाला तरी धाडा.' एवढंच हाय. पुसून टाक."

अक्षतानं बटणाकडं हात नेला.

"राहू दे गं," मनुबाई म्हणाल्या. मोडलेली माळ त्यांनी पुन्हा पहिल्या मण्याशी आणली होती. "पुसू नको. तो गेल्यावर उघडू."

"अगं आई, एकच ओळ हाय ती!"

"असू दे की. 'येतोय' हाय न्हवं त्यात?"